मोडणारी गाडी आणि वांचणारा माणूस

गोदावरीच्या खोऱ्यांतील परभणी जिल्ह्याचा जुना प्रवास म्हणजे बैलांच्या पावलांनीं मोजला जाणारा प्रवास होता. काळ्या कसदार जमिनींतून जाणारी बैलगाडी तासाला चार-पांच किलोमीटरांहून अधिक वाट कापीत नसे. आणि पावसाळ्यांत तर ती आंखापर्यंत चिखलांत रुतून बसे. अशा गाडीचा गुण एकच मानला जाई : ती मजबूत असावी. गांवचा सुतार वाळलेलें बाभळीचें लांकूड निवडी, लोहार तापवून लाल केलेली लोखंडी धांव चाकावर चढवी, आणि गाडी दोन पिढ्या टिकली म्हणजे दोघांच्याहि हुन्नराची परीक्षा झाली असें लोक समजत. ही समजूत चुकीची नव्हती. ज्या वेगानें ती गाडी चालत होती, त्या वेगाला ती योग्यच होती. म्हणून जी गाडी मोडत नाहीं ती सुरक्षित, हें सूत्र लोकांच्या मनांत पक्कें बसलें. पुढें वाहन बदललें, वेग बदलला; सूत्र मात्र जागचें हाललें नाहीं. तें सूत्र उलटें कसें झालें, आणि तें उलटें होईपर्यंत मनुष्यजातीला किती किंमत द्यावी लागली, ह्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

परभणीस वेग प्रथम आला तो रुळांवरून. त्या काळीं हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानांत मोडत असे. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा मीटर मापाचा मार्ग १९०० च्या सुमारास मनमाडपासून सिकंदराबादपर्यंत सुरू झाला, आणि सेलू, परभणी, पूर्णा हीं नांवें स्टेशनांच्या पाट्यांवर चढलीं. सडकेवरील वेग त्यानंतर तीस वर्षांनीं आला. १९३२ च्या जूनमध्यें निजामाच्या रेल्वे खात्यानें सडक वाहतुकीची शाखा उघडली. तिचा प्रारंभ २७ मोटारी आणि १६६ नोकर एवढ्यावर झाला. १९४८ च्या सप्टेंबरांत संस्थान भारतांत विलीन झालें, १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, आणि १ मे १९६० पासून तो महाराष्ट्राचा भाग झाला. इकडे १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी सोडून जन्मास आलेली एस. टी. पुढें मराठवाड्याच्या खेडोपाडीं पोहोंचली. जिंतूरचा, पाथरीचा किंवा गंगाखेडचा शेतकरी एका पिढीच्या आंत बैलाच्या पावलावरून उठून ताशीं साठ किलोमीटरांच्या वेगावर येऊन बसला.

ह्या बदलाचें खरें मोल गणितानेंच कळतें. धांवत्या वस्तूच्या अंगची ऊर्जा वेगाच्या पटीनें नव्हे, तर वेगाच्या वर्गाच्या पटीनें वाढते. ताशीं ५ किलोमीटर चालणारी गाडी ताशीं ६० किलोमीटर धांवूं लागली म्हणजे वेग १२ पट झाला. परंतु तेवढ्याच वजनाच्या अंगीं आलेली ऊर्जा १४४ पट झाली. दुसऱ्या रीतीनेंहि हें पाहतां येतें. ताशीं ३६ किलोमीटर वेगानें भिंतीवर आदळणें म्हणजे सुमारें ५ मीटर उंचीवरून खालीं पडणें. ५४ किलोमीटर म्हणजे साडेअकरा मीटर. आणि ७२ किलोमीटर म्हणजे २० मीटर, अर्थात् सहा मजली घराच्या गच्चीवरून पडणें. गच्चीच्या कडेला उभा राहणारा मनुष्य आपोआप सावध होतो. पण मऊ आसनावर बसलेल्या मनुष्यास आपण तेवढ्याच उंचीच्या कडेला बसलों आहों, ही जाणीव होत नाहीं. वेगाचा धोका डोळ्यांस दिसत नाहीं, हीच ह्या सर्व इतिहासांतील पहिली अडचण आहे.

यांत्रिक वाहनानें घेतलेला पहिला नोंदलेला बळी बहुधा मेरी वॉर्ड ह्या आयर्लंडांतील विदुषीचा होय. सूक्ष्मदर्शकाखालीं दिसणाऱ्या सृष्टीवर तिनें पुस्तकें लिहिलीं होतीं. ३१ ऑगस्ट १८६९ रोजीं नातलगांच्या वाफेच्या गाडींतून ती फेकली गेली आणि चाकाखालीं सांपडली. १८९६ च्या ऑगस्टमध्यें लंडन येथें ब्रिजेट ड्रिस्कॉल ही पादचारी स्त्री मोटारीखालीं मरण पावली. त्यानंतर मोटारी शेंकड्यांनीं आणि हजारांनीं निघूं लागल्या, मृत्यूहि तसेच वाढले. परंतु त्यांचें कारण शोधतांना समाजाची दृष्टि एकाच ठिकाणीं खिळून राहिली. चालक बेफाम होता, चालक प्यालेला होता, चालकाला डुलकी लागली; आणि ह्यांपैकीं कांहींच नसेल तर दैव आड आलें! उपायहि त्याच मापाचे निघाले : चालकास शिकवावें, रस्ता सुधारावा, अपराध्यास दंड करावा. हे तिन्ही उपाय योग्यच आहेत, आणि आजहि ते हवेतच. परंतु एक साधा प्रश्न जवळजवळ पन्नास वर्षें कोणी नेटानें विचारला नाहीं. तो प्रश्न असा कीं, चूक कोणाचीहि असो, टक्कर झाल्यावर माणसाला मारतें तें नेमकें काय?

हा प्रश्न ज्यानें जन्मभर धरून ठेवला त्याचें नांव ह्यू डिहेवन. हा अमेरिकन तरुण पहिल्या महायुद्धांत ब्रिटिश विमानदळाचें शिक्षण घेत होता. १९१७ सालीं सरावाच्या वेळीं आकाशांत दोन विमानें एकमेकांवर आदळलीं. डिहेवन वांचला, पण त्याच्या पोटांतील इंद्रियांना जबर इजा झाली. बरा होत असतां त्याच्या ध्यानांत आलें कीं, जखमा जेथें झाल्या तेथेंच त्याच्या पट्ट्याचें टोंकदार बक्कल होतें. म्हणजे पडण्यानें जितकें नुकसान केलें, तितकेंच पडतांना अंगाला लागलेल्या त्या लोखंडाच्या तुकड्यानें केलें. पुढें त्यानें उंचावरून पडूनहि जिवंत राहिलेल्या माणसांची माहिती चिकाटीनें गोळा केली आणि १९४२ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. पन्नास ते दीडशें फुटांवरून पडलेलीं माणसें कशीं वांचलीं, हा त्याचा विषय होता. कोणी नांगरलेल्या भुसभुशीत मातींत पडलें होतें, कोणाच्या खालीं आलेला पत्रा वाकला होता. निष्कर्ष स्पष्ट होता : मनुष्यदेह वाटतो तितका नाजूक नाहीं, त्याला थांबण्यापुरती थोडी जागा मिळाली पाहिजे.

डिहेवननें पुढें मोटारीची तुलना मालाच्या बांधणीशीं केली. ती मराठी घरांना सहज पटण्यासारखी आहे. बांगड्यांची पेटी दूरच्या गांवीं पाठवावयाची असेल तर कासार काय करतो? पेटी वाटेंत उघडणार नाहीं अशी तो बंद करतो; पेटी चेपून आंतल्या मालावर बसणार नाहीं इतकी ती भक्कम ठेवतो; बांगड्यांच्या भोंवतीं गवत किंवा कागद भरतो; आणि बांगड्या पेटींत हिंदकळणार नाहींत असे त्यांचे जुडगे बांधतो. काचेसाठीं जी काळजी कासार घेतो, ती माणसांसाठीं मोटार बनविणारा घेत नव्हता. त्या काळच्या मोटारींचे दरवाजे धक्क्यासरशीं उघडत, सुकाणूचा दांडा चालकाच्या छातींत घुसे, समोरचा पत्रा टणक व कडांचा असे, आणि आंतील माणसें मोकळींच असत. टक्कर एक दिसली तरी ती दोन असतात, हा धडा येथून मिळाला : पहिली गाडीची भिंतीशीं, आणि दुसरी माणसाची गाडीशीं. माणूस मरतो तो बहुधा दुसऱ्या टकरीनें.

देहाची सहनशक्ति खरोखर किती, हें पाहण्यासाठीं डॉक्टर जॉन पॉल स्टॅप ह्या अमेरिकन हवाईदलांतील वैद्यानें स्वतःचाच देह पणास लावला. १० डिसेंबर १९५४ रोजीं न्यू मेक्सिको प्रांतांतील होलोमन तळावर तो अग्निबाणांनीं ढकलल्या जाणाऱ्या रुळांवरील घसरगाडींत बसला. गाडीनें ताशीं १,०१७ किलोमीटर वेग गाठला आणि ती अवघ्या १.४ सेकंदांत थांबली. त्या क्षणीं त्याच्या शरीरावर स्वतःच्या वजनाच्या ४६ पटींहून अधिक भार पडला. त्याच्या डोळ्यांत रक्त उतरलें, परंतु तो जगला, आणि १९९९ सालीं वयाच्या ८९ व्या वर्षीं वारला. त्याच्या वांचण्याचें रहस्य म्हणजे त्याला आसनाशीं आवळून धरणारे रुंद पट्टे. जगांत जे लोक ताशीं पन्नास किलोमीटर वेगाच्या टकरींत मरत होते, ते वेगाच्या पायीं मरत नसून मोकळे बसल्यामुळें मरत होते, हें ह्या धाडसी प्रयोगानें जगापुढें मांडलें.

तरीहि पट्टा हा अर्धाच उपाय होता. गाडीच जर दगडासारखी कठीण असेल, तर ती एका क्षणांत थांबेल आणि पट्ट्यानें बांधलेला माणूसहि तितक्याच क्षणांत थांबेल. ह्याचा हिशेब नववीच्या पुस्तकांतील न्यूटनच्या नियमावरून मांडतां येतो. ६० किलोग्रॅम वजनाचा मनुष्य ताशीं ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर, वेगानें जात आहे असें समजावें. तो सेकंदाच्या शंभराव्या भागांत थांबला तर त्याच्यावर ९० हजार न्यूटन बल येतें. म्हणजे नऊ टनांहून अधिक ओझें. तोच जर सेकंदाच्या दहाव्या भागांत थांबला, तर बल दशांशावर येतें. ओझें सुमारें नऊशें किलोग्रॅम होतें. तेंहि थोडें नाहीं, पण छाती व कंबर ह्यांवर पसरलेल्या पट्ट्यानें तें पेलतां येतें. पहिल्या प्रकारांत थांबण्यास मिळालेलें अंतर साडेसात सेंटिमीटर, दुसऱ्या प्रकारांत पाऊण मीटर. मरण आणि जगणें ह्यांच्यामध्यें जें कांहीं आहे, तें हें पाऊण मीटर आहे. क्रिकेटच्या खेळांत चेंडू झेलणारा हात मागें घेतो, तो हेंच अंतर मिळविण्यासाठीं.

हें पाऊण मीटर गाडींतच कोठून आणावें, ह्याचें उत्तर बेला बारेन्यी ह्या यंत्रज्ञानें दिलें. १९०७ सालीं व्हिएन्नाजवळ जन्मलेला हा मनुष्य १९३९ पासून जर्मनींतील डाइम्लर-बेन्झ कारखान्यांत काम करीत होता. त्याचा विचार वरकरणीं वेडगळ वाटावा असा होता. गाडीचे तीन भाग समजावे. मधला भाग, जेथें माणसें बसतात, तो तिजोरीसारखा अभेद्य करावा. आणि पुढचा व मागचा भाग मुद्दाम असा करावा कीं, टक्कर होतांच तो ठरल्या रीतीनें चुरगळत जावा. गाडीचें नाक चेपलें जात असतां ऊर्जा पत्र्याच्या घड्यांत खर्च होते आणि आंतल्या माणसाला थांबण्यास अवधि मिळतो. १९५१ सालीं त्यानें ह्या कल्पनेच्या हक्काची मागणी केली, १९५२ सालीं तो हक्क त्याला मिळाला, आणि १९५९ मध्यें ह्या तत्त्वावर बांधलेली पहिली मोटार विक्रीस आली. त्याच वर्षीं सप्टेंबरांत त्या कारखान्यानें गाड्या मुद्दाम आपटून पाहण्याचे प्रयोग पद्धतशीर सुरू केले. हजारों वर्षें कारागीर न मोडणारी वस्तु घडवीत आला होता. येथें प्रथमच त्याला कोठें, किती आणि कशा क्रमानें मोडावें, हें घडवावें लागलें.

१९५९ हें वर्ष ह्या इतिहासांत तीन कारणांनीं लक्षांत ठेवण्याजोगें आहे. पहिलें कारण वर आलेंच. दुसरें कारण स्वीडनमधील. व्होल्वो कारखान्यांतील निल्स बोलिन ह्यानें खांद्यावरून तिरपा येऊन कंबरेवरून आडवा जाणारा आणि एका हातानें अडकवितां येणारा तीन टोंकांचा पट्टा तयार केला. बोलिन पूर्वी विमानांतून वैमानिकास बाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम करीत असे. बांधलेल्या देहाचें शास्त्र त्याला ठाऊक होतें. ह्याहून मोठी गोष्ट अशी कीं, व्होल्वोनें ह्या पट्ट्याचा हक्क आपल्यापुरता न राखतां तो इतर कारखानदारांस वापरूं दिला. तिसरें कारण शेतकऱ्यांच्या दृष्टीनें अधिक जवळचें आहे. त्याच वर्षीं स्वीडननें नव्या ट्रॅक्टरांवर, ते उलटले तरी चालकाचा चेंदा होऊं नये म्हणून, संरक्षक सांगाडा सक्तीचा केला. पुढील तीन दशकांत त्या देशांत ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यु अगदीं थोड्यांवर आले. शेतकरी तेच होते, बांध व उतार तेच होते. बदलला होता तो डोक्यावरचा सांगाडा.

कल्पना सिद्ध झाली म्हणून ती लगेच घरोघर जाते असें नाहीं. कारखानदारांचें म्हणणें असें कीं, सुरक्षितता विकली जात नाहीं. गिऱ्हाईक रंग आणि वेग पाहतें. अमेरिकेंत राल्फ नेडर ह्या तरुण वकिलानें १९६५ सालीं एक पुस्तक लिहून ह्या वृत्तीवर कडाडून टीका केली, आणि पुढच्याच वर्षीं तेथें मोटारींच्या सुरक्षिततेचा कायदा झाला. १९७० सालीं ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया राज्यानें पट्टा बांधणें सक्तीचें केलें. तेव्हां लोकांनीं ह्याला स्वातंत्र्यावरील घाला म्हटलें. परंतु बळींची संख्या घटूं लागली, आणि एकामागून एक देश त्या वाटेनें गेले.

भारतांत हा विचार उशीरा आला. स्वातंत्र्यानंतरची तीन-चार दशकें देशाच्या रस्त्यांवर ॲम्बॅसेडर आणि मुंबईंत तयार होणारी फियाट, म्हणजे पुढें पद्मिनी, ह्यांचें राज्य होतें. जाड पत्रा आणि जड दरवाजा म्हणजे भरंवशाची गाडी, असें घरोघर मानलें जाई. सुताराचें जुनें सूत्रच पोलादांत उतरलें होतें. पुण्यास १९६६ सालीं ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही संशोधनसंस्था स्थापन झाली आणि वाहनांच्या तपासणीचें शास्त्र महाराष्ट्रांत रुजलें. १९९४ पासून मोटारींच्या पुढील आसनांना पट्टे बसविणें आवश्यक झालें. परंतु पट्टा गाडींत असणें आणि अंगावर असणें ह्यांत अंतर राहिलें. आणि मागच्या आसनावर बसणारा मनुष्य म्हणजे जणूं धोक्याच्या पलीकडे बसलेला, अशी समजूत सुशिक्षितांतहि टिकून राहिली.

२०१४ हें वर्ष ह्या बाबतींत मराठवाड्यास फार जड गेलें. ३ जून रोजीं केंद्रीय ग्रामविकासमंत्री गोपीनाथ मुंडे ह्यांचें दिल्लींत मोटारीच्या अपघातांत निधन झालें. मंत्रिपदाची शपथ घेऊन जेमतेम आठवडा झाला होता. परभणी जिल्ह्याच्या सीमेपलीकडील परळी ही त्यांची कर्मभूमि; गंगाखेडपासून ती दूर नाहीं. अपघात कोणत्या घाटांत किंवा निर्जन महामार्गावर घडला नव्हता, तर राजधानीच्या चौकांत घडला होता. ते मागच्या आसनावर होते आणि पट्टा बांधलेला नव्हता. पट्टा असता तर ते वांचूं शकले असते, असें त्या वेळचे केंद्रीय आरोग्यमंत्री हर्षवर्धन ह्यांनीं जाहीरपणें सांगितलें. आठ वर्षांनीं, ४ सप्टेंबर २०२२ रोजीं, पालघर जिल्ह्यांत सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपति सायरस मिस्त्री ह्यांच्या गाडीचा अपघात झाला. पुढच्या आसनांवरील दोघे जबर जखमी होऊनहि जगले. मागच्या आसनांवरील दोघे, ज्यांनीं पट्टे बांधले नव्हते, ते गेले. गाडी महागड्या जातीची होती. बांगड्यांची पेटी कितीहि उत्तम असली तरी आंतल्या बांगड्या बांधलेल्या नसतील तर त्या फुटतातच.

२०१४ सालींच आणखी एक धक्का बसला. ग्लोबल एनकॅप ह्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें भारतांत खपणाऱ्या पांच लोकप्रिय लहान मोटारी ताशीं ६४ किलोमीटर वेगानें आपटून पाहिल्या, आणि त्या पांचहि मोटारींना प्रौढांच्या संरक्षणाच्या परीक्षेंत शून्य तारे मिळाले. त्यानंतर चक्रें फिरलीं. २०१७ च्या ऑक्टोबरपासून नव्या नमुन्यांच्या आणि २०१९ च्या ऑक्टोबरपासून सर्वच मोटारींना समोरच्या व बाजूच्या टकरीची परीक्षा उतरणें आवश्यक झालें. जुलै २०१९ पासून चालकापुढें हवेची पिशवी सक्तीची झाली. २०१८ च्या डिसेंबरांत टाटांच्या नेक्सॉन ह्या मोटारीला ग्लोबल एनकॅपकडून पांच तारे मिळाले, आणि भारतांत घडलेली गाडीहि ह्या परीक्षेंत वरचा क्रमांक मिळवूं शकते हें सिद्ध झालें. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही देशाची स्वतःची परीक्षापद्धति सुरू झाली. तींत गाडी समोरून ताशीं ६४ किलोमीटर वेगानें चेपणाऱ्या अडथळ्यावर आपटली जाते, बाजूनें ताशीं ५० किलोमीटर वेगाचा धक्का दिला जातो, आणि वरची श्रेणी हवी असल्यास ताशीं २९ किलोमीटर वेगानें खांबावरहि आदळविली जाते. आंत बसतात ते मापकांनीं भरलेले बाहुले. ही परीक्षा कारखानदाराच्या इच्छेवर आहे. पण तारे पाहून गाडी घेणारें गिऱ्हाईक तयार झालें, हा बदल लहान नव्हे.

मात्र तारे मोटारींना मिळतात. आणि परभणी जिल्ह्यांतील बहुसंख्य माणसें मोटारींतून जात नाहींत. ती एस. टी.नें जातात, दुचाकीवरून जातात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलींत बसून जातात, किंवा रस्त्याच्या कडेनें पायीं जातात. एस. टी.च्या गाड्या मंडळाच्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील कार्यशाळांत बांधल्या जात आल्या. त्यांचे सांगाडे दीर्घकाळ ॲल्युमिनियमचे असत. ते हलके, पण मोठ्या अपघातांत फाटणारे. अलीकडच्या वर्षांत मंडळ पोलादी सांगाड्याकडे वळलें, तें ह्याच विचारानें कीं, गाडी उलटली तरी छत खालीं बसूं नये आणि बसलेल्यांच्या भोंवतीं जगण्यापुरती पोकळी शिल्लक राहावी. दुचाकीला तर पुढें चेपणारें नाक नाहीं आणि भोंवतीं तिजोरीहि नाहीं. २०२२ सालीं देशांत रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मेलीं. दिवसाला सरासरी ४६० हून अधिक. त्यांतील सुमारें ४४ टक्के दुचाकीवरचीं होतीं. त्यांच्यापाशीं बारेन्यीच्या युक्तीचा एकच अंश असूं शकतो, आणि तो म्हणजे शिरस्त्राण. शिरस्त्राणाचें खरें काम बाहेरचें कठीण कवच करीत नाहीं. आंतील थर्मोकोलसारखा थर दोन-तीन सेंटिमीटर चेपला जातो आणि मेंदूला थांबण्यास क्षण मिळवून देतो. म्हणूनच एकदां जोरानें आपटलेलें शिरस्त्राण दिसण्यांत चांगलें असलें तरी निकामी समजावें.

हा सर्व इतिहास एखाद्या शाळेच्या वर्गांत चार तासिकांत पुन्हा घडवून आणतां येतो. अनेक देशांतील शिक्षक विद्यार्थ्यांपुढें असें आव्हान ठेवतात : पुठ्ठ्याची छोटी गाडी करा, तींत एक कच्चें अंडें बसवा, गाडी उतारावरून सोडून भिंतीवर आपटा, आणि अंडें वांचवा. आपल्या देशांत २०१६ पासून सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठीं अटल प्रयोगशाळा निघाल्या आहेत; परंतु ह्या प्रयोगास प्रयोगशाळेचीहि गरज नाहीं. दोन मीटर लांबीची फळी एका टोंकास एक मीटर उंच करावी. घर्षण सोडून दिलें तर गाडी तळाशीं ताशीं सुमारें १६ किलोमीटर वेगानें पोहोंचते. चाकांना बाटल्यांचीं झांकणें, आंखाला बांबूची काडी. ज्या घरांत अंडें चालत नाहीं, तेथें काचेची बांगडी घ्यावी. परभणी हा ज्वारीचा मुलूख. येथील मुलें पिढ्यान् पिढ्या ज्वारीच्या ताटांच्या खेळगाड्या करीत आलीं आहेत. त्या ताटाच्या आंतील पांढरें भेंड हलकें असतें, दाबलें म्हणजे चेपतें आणि पुन्हा उसळून येत नाहीं. टक्कर शोषण्यास ह्याहून स्वस्त आणि सोयीची वस्तु शोधून सांपडणार नाहीं.

नियम थोडे आणि कडक असावे. सर्वांना एकच उतार, गाडीचें वजन अर्ध्या किलोग्रॅमच्या आंत, लांबी तीस सेंटिमीटरांच्या आंत. अंडें दिसलें पाहिजे आणि सहज काढतां आलें पाहिजे, कारण खऱ्या गाडींतून माणसालाहि उतरावयाचें असतें. भिंतीला मऊ कांहीं लावूं नये. प्रत्येक टकरीपूर्वी व टकरीनंतर गाडीच्या नाकाची लांबी पट्टीनें मोजून वहींत लिहावी. मग काय घडतें तें साधारण ठरलेलें असतें. पहिल्या फेरींत बहुतेक मुलें टणक पेटी करतात. पेटी शाबूत राहते आणि अंडें आंतल्या आंत फुटतें. दुसऱ्या फेरींत कोणी अंड्याला दोऱ्यानें बांधतो. अरुंद दोरा कवचांत रुततो, आणि डिहेवनचें बक्कल आठवावें अशी चीर पडते. तिसऱ्या फेरींत दोऱ्याच्या जागीं रुंद पट्टी येते. चौथ्या फेरींत एखादा गट पुढें कागदी नळकांडीं किंवा भेंडाचे तुकडे बसवितो. गाडीचें नाक चार सेंटिमीटर चेपतें, आणि अंडें जागच्या जागीं राहतें. जगाला पन्नास वर्षें लागलीं तेथें मुलें दोन दिवसांत पोहोंचतात. कारण त्यांच्या प्रयोगांत फुटतें तें अंडें असतें.

शिक्षकानें येथें एका गोष्टीकडे लक्ष पुरविलें पाहिजे. अंडें फुटलें म्हणजे मुलें म्हणतात, उतार वाईट होता, ढकलणाऱ्यानें जोरानें ढकलली, आमचें नशीब खोटें. शंभर वर्षांपूर्वी मोठीं माणसें हेंच म्हणत होतीं. तेव्हां त्यांस एवढेंच सांगावें कीं, उतार सर्वांना सारखा आहे, भिंत सारखी आहे. तुमच्या हातीं फक्त गाडी आहे, ती पुन्हा करा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठांत शेतीच्या यंत्रांचें अभियांत्रिकी शिक्षण मिळतें. ज्या मुलानें शाळेंत भेंडाचें नाक लावून अंडें वांचविलें, तो उद्यां ट्रॅक्टरच्या सांगाड्याकडे किंवा उसाच्या ट्रॉलीकडे निराळ्या नजरेनें पाहील. आणि जो यंत्रज्ञ होणार नाहीं, तोहि मागच्या आसनावर बसतांना पट्टा शोधील, घरांतील वडीलधाऱ्यांस तो बांधावयास लावील, आणि दुचाकी काढतांना शिरस्त्राण खुंटीवर ठेवणार नाहीं.

बैलगाडी घडविणाऱ्या सुताराचें कौशल्य गाडी टिकविण्यांत होतें. आजच्या वाहनाची कसोटी गाडी टिकण्यांत नाहीं. अपघातानंतर रस्त्याच्या कडेला पडलेल्या चेपलेल्या मोटारीकडे पाहून लोक तिच्या पत्र्याला नांवें ठेवतात. पण पुढचें नाक घडी होऊन गेलेलें, मधली पेटी शाबूत, दरवाजा उघडून चालत बाहेर आलेलीं माणसें, असें चित्र दिसलें तर त्या गाडीनें आपलें काम चोख केलें असें म्हटलें पाहिजे. लोखंड पुन्हा ओततां येतें.